माया नसलेले कपडे

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांत दोन कामे एकाच आठवड्यात उरकली जातात. नवे कपडे येतात, आणि त्यांना जागा व्हावी म्हणून जुने बाहेर काढले जातात. पहिल्या कामाचा आपल्याला आनंद होतो आणि दुसऱ्याचा अभिमान. "यंदा दोन पिशव्या भरून कपडे देऊन टाकले हो!" हे वाक्य फराळाच्या ताटाबरोबरच घरोघर फिरते. त्या आनंदाविषयी माझी काही तक्रार नाही. अभिमानाविषयी मात्र चार शब्द बोलायचे आहेत आणि ते गोड लागणार नाहीत. चिवडा खाताना एखादी मिरची दाताखाली येतेच; वाचकांनी हा लेख तसाच समजावा.

मी शिंप्याचा मुलगा. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. दहावीला आमच्या घरी अजून मॅट्रिकच म्हणतात. शिवणकामाच्या प्रमाणपत्रावर शाळेत लागलो. आज वीस वर्षे दिवसा मुलांच्या हातात सुई देतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. म्हणजे दिवसा कापड बेततो आणि रात्री माणसे. तेव्हा जे सांगणार आहे ते ग्रंथ चाळून नव्हे, कातर हाती धरून सांगणार आहे.

शिंप्याच्या बोलीत एक शब्द आहे: माया. शिवणीच्या आत, दुमडीच्या पोटात जे जादा कापड राखून ठेवायचे, त्याचे नाव माया. मूल वाढणार, सुनेचे अंग भरणार, म्हाताऱ्याचे आटणार, हे शिंप्याला ठाऊक असते. म्हणून पोलक्याच्या बगलेत बोटभर, विजारीच्या मागच्या शिवणीत दोन बोटे आणि परकराच्या खालच्या दुमडीत चांगली वीतभर माया ठेवायची. कपडा आखूड झाला की शिवण उसवायची आणि माया सोडायची. ज्याने हा शब्द प्रथम वापरला त्याला कापडही कळत होते आणि माणूसही.

आता घरातला एखादा तयार सदरा उलटा करून पाहा. शिवणीला लागूनच इंटरलॉकची कड असते, आणि त्या कडेपलीकडे कापड नसतेच. कारखान्यात कापडाचे कितीतरी थर एकावर एक रचून एका दमात कापतात. तिथे एका नगामागे बोटभर कापड वाचले की हजारो नगांच्या हिशेबात ठाणेच्या ठाणे वाचतात. म्हणून सर्वांत आधी कुऱ्हाड पडते ती मायेवर. असा कपडा सैल करता येत नाही, वाढवता येत नाही, उसवून दुसरे काही बेतायला गेले तर चारी कडांनी अपुरा पडतो. तो एकदाच जन्मतो आणि एकदाच मरतो. आपण त्याला 'सोय' म्हणतो. मी त्याला फसवणूक म्हणतो. कारण जो कपडा मी बदलू शकत नाही तो पैसे मोजूनही पुरता माझा झालेला नसतो.

पूर्वी लुगड्याला किती जन्म होते ते आठवा. नऊवारी लुगडे बसण्याच्या जागी आधी विरते. तो विरलेला भाग कापून टाकायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडून दंड घालायचा, की जुनेर आणखी दोन वर्षे नेसता येई. पुढे त्यातल्या धड कापडाचा मुलीला परकर, काठाची गळपट्टी, बाळाला दुपटे आणि कुंची. जे उरेल त्याचे थर अंथरून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ किंवा गोधडी. गोधडी फाटली की पोतेरे. बंगालच्या बायका तर जुन्या साडीच्या काठातले रंगीत धागे उसवून काढीत आणि त्याच धाग्यांनी जुन्या साड्यांची कांथा शिवीत. कापडही जुने आणि दोराही जुना. नवा फक्त हात.

ही नुसती गरिबाघरची काटकसर होती असे समजू नका. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक कथा आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंद भिक्षूला पाचशे वस्त्रे दिली. राजाला राग आला. एवढ्या वस्त्रांचे हा संन्यासी करणार काय, दुकान मांडणार की काय, असे त्याला वाटले. त्याने विचारले, तेव्हा आनंदाने सांगितले की ज्या भिक्षूंची चीवरे विरली आहेत त्यांना ती वाटू. मग विरलेल्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी. जुन्या चादरींचे? गादीचे अभ्रे. अभ्र्यांची पुढे बैठकीची आच्छादने, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडण्याची फडकी. आणि फडक्यांच्याही चिंध्या झाल्या की त्या मातीत तुडवून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. ज्याला शेवटच्या चिंधीचा हिशेब देता येतो त्याच्याच हाती नवे कापड शोभते, हा त्या कथेचा अर्थ मी घेतो. आज कपाट उघडून असा हिशेब किती जणांना देता येईल?

देता येणार नाही, याचे आणखी एक कारण कापडातच आहे. जगात आज तयार होणाऱ्या धाग्यात निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर असतो. सुती कापड धुऊन धुऊन मऊ पडते आणि जुने होईल तसे अधिक उपयोगी होते. पॉलिएस्टर जुने होते तेव्हा नुसते कुरूप होते. त्याचे दुपटे बाळाला टोचते, त्याचे पोतेरे पाणी टिपत नाही, उकिरड्यावर टाकले तर वर्षानुवर्षे कुजत नाही. घरात नातवंड येणार म्हणताच आजी जुने मऊ सुती कापड शोधू लागते, आणि भरल्या कपाटांच्या घरात तिला ते सापडत नाही. मग दुपटीही दुकानातून येतात.

"पण आम्ही कपडे टाकत नाही, गरिबांना देतो," असे कोणी म्हणेल. देता, म्हणजे कुठे देता? पिशवी दाराबाहेर गेली की आपले पुण्य पुरे होते. कपड्याचा प्रवास मात्र तिथून पुढे सुरू होतो. मराठी माणसाला पानिपत ठाऊक आहे ते १७६१ चे. आजच्या पानिपतावर परदेशातून टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांचे गठ्ठे येऊन पडतात. तिथे बायका त्यांची बटणे आणि चेनी कापून काढतात, रंगारंगांचे ढीग लावतात, आणि यंत्रे त्या कपड्यांच्या चिंध्या करून पुन्हा धागा काततात. त्या धाग्याचे स्वस्त ब्लँकेट होते. उद्योग हिकमतीचा खरा, पण त्याची धूळ कोणाच्या छातीत जाते हे ब्लँकेटावर लिहिलेले नसते. आफ्रिकेत घाना देशाच्या आक्रा शहरात कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. त्या मालाला तिथले लोक 'ओब्रोनी वावू' म्हणतात. म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे. धडधाकट माणूस इतके चांगले कपडे टाकेल हे त्यांना खरेच वाटेना! तिथले शिंपी ते कपडे उसवून, कापून, रंगवून पुन्हा विकण्याजोगे करतात. जानेवारी २०२५ च्या आरंभी त्या बाजाराचा मोठा भाग आगीत जळाला. जगाची रद्दी निस्तरणारी माणसे अशी लाकडी टपऱ्यांत बसतात, आणि दानाचे समाधान आपण घरी बसून घेतो.

आपल्या समाजात तर जुने कपडे देण्याला आणखी एक काळी किनार आहे. उतरलेले कपडे, फार काय मढ्यावरचे कापडसुद्धा, काही जातींच्या वाट्याला 'हक्क' म्हणून टाकण्याची रीत इथे शतकानुशतके चालली. घेणाऱ्याच्या अंगावर ते कापड त्याची पायरी दाखवीत असे. म्हणून जुने देताना हात जरा थरथरला पाहिजे. माझी कसोटी सोपी आहे: धुऊन, उसवून, नीट करून जे तुम्ही स्वतः घालाल तेच दुसऱ्याला द्या. बोहारीण याबाबतीत आपल्याहून प्रामाणिक. ती साडी उजेडासमोर धरते, विरलेली जागा बोटाने दाखवते आणि तेवढ्याच मोलाचे पातेले पुढे करते. ती व्यवहार करते, उपकार नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप लाजेचा. जुन्याचे नवे केलेले कपडे घातले तर लोक काय म्हणतील? लोकांचे काय सांगावे! गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली नवी विजार आपण चढ्या दराने विकत घेतो, आणि जुनी विजार गुडघ्यावर शिवली तर तोंड लपवतो. ठिगळे लावलेली जाकिटे काचेच्या दुकानात टांगली की ती कला. तीच ठिगळे आईने लावली की दारिद्र्य. गाडगेबाबा आयुष्यभर चिंध्यांची गोधडी पांघरून हिंडले आणि मोठमोठी माणसे त्यांच्या पायांशी बसली. ठिगळात लाज नसते. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते.

दुसरा आक्षेप पैशाचा. स्वस्तात नवा सदरा मिळत असताना जुन्याच्या कॉलरवर पैसे का खर्चावेत? कारण तो सदरा स्वस्त नसतो. त्याची उरलेली किंमत दुसऱ्या कोणी भरलेली असते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि तयार कपडे शिवणारी अकराशेहून अधिक माणसे तिच्याखाली मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले होते. उलट, तुमच्या गल्लीत जिन्याखाली मशिन टाकून बसलेला शिंपी कॉलर उसवून उलटी बसवून देतो. झिजलेली बाजू खाली जाते, कोरी वर येते आणि सदरा दोन वर्षे पुढे चालतो. त्याला द्यायचे पैसे घासाघीस न करता द्या. ते त्याच्या चुलीपर्यंत पोचतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो बायकांचा आहे. "त्या गोधड्या आमच्या आज्यांनी दुपारची झोप मोडून, डोळे फोडून शिवल्या. तुम्ही पुन्हा आम्हालाच सुईला जुंपणार!" खरे आहे. त्या कष्टांना कोणी दाम दिला नाही आणि नावही दिले नाही. ते दिवस मला परत नकोत. म्हणूनच माझी मागणी बायकांकडे नाही. ती पुरुषांकडे आणि शाळांकडे आहे. जगात शिंपी बहुतेक पुरुषच होते, पण घरातले बटण तुटले की सगळे पुरुष एकाएकी पांगळे होतात, हे कसे?

शाळांची कथा तर सांगवत नाही. मी ज्या एका शाळेत होतो तिथे शिवणाची खोली बंद करून मशिने जिन्याखाली रचून ठेवली. मुलाच्या हातात सुई पाहून एका पालकांनी मला विचारले, "गुरुजी, आम्ही याला शिंपी व्हायला पाठवतो का?" मी म्हटले, "नाही, पण मिंधा व्हायलाही पाठवत नसाल." हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा असावा असे गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, कारागिरांच्या सोबतीने घालवण्याची सूचना आहे. त्यातले दोन दिवस मला द्या. मी मुलामुलींना आधी शिवायला नाही, उसवायला शिकवीन. शिवण ओढून फाडायची नाही. दर तीन-चार टाक्यांवर दोरा कापायचा आणि कापडाला धक्का न लावता तुकडे वेगळे करायचे. मग उजेडासमोर धरून विरलेले कुठे, धड कुठे ते पाहायचे. सदऱ्याची कॉलर, मनगट आणि कोपर जाते, पण पाठ कोरी राहते. तिचे झबले होते. विजारीचा गुडघा जातो, पण पोटरी शाबूत असते. तिची पिशवी होते. साडीची खालची कड टाचेला घासून जाते, पण आत खोचलेला भाग नवाच्या नवा असतो. ज्या मुलाने एकदा एक सदरा असा उसवला तो पुढे दुकानात गेला की आधी कपडा उलटा करून पाहील. मग त्याला फसवणे सोपे जाणार नाही.

आणि हा हिशेब दुकानदारालाही कळू द्या. सणाला नवे कपडे जरूर घ्या, मीही घेतो. पण घेताना शिवण पालथी करा आणि विचारा, "यात माया किती आहे?" दुकानदार पहिल्या गिऱ्हाइकाला हसेल, दहाव्याला गप्प बसेल आणि शंभराव्याच्या आधी कारखान्याला पत्र लिहील. शक्य असेल तेव्हा सुती कापड घेऊन शिवून घ्या आणि शिंप्याला बजावून सांगा, "बोटभर जास्त राहू द्या." आणि देण्यासाठी बांधलेली पिशवी या भाऊबीजेपर्यंत एकदा सोडा. तिच्यातला एक, फक्त एक कपडा घरातल्या एखाद्या पुरुषाच्या हाती कातरीसह द्या. टाके वाकडे पडतील. पडू देत.