झोपेत गेले, पुण्यवान होते

सिद्धार्थ उद्यानात सकाळी आमचा पेन्शनरांचा कट्टा भरतो. तिथं रोज दोन प्रकारचे शहाणे भेटतात. एक म्हणतो, "आमच्या घराण्यात कुणालाच हार्टचं नाही, आजोबा नव्वदीत गेले." दुसरा म्हणतो, "आमच्या रक्तातच आहे हो, पथ्य पाळून काय होणार?" फेऱ्या संपल्या की दोघंही गुलमंडीकडं वळतात. एक निर्धास्त, दुसरा नशिबाला शरण गेलेला. इमरती दोघांची सारखीच.

मी एकोणसत्तर वर्षांचा आहे आणि या दोघांवर चिडलोय. स्वतःवरही.

दवाखान्यात पोरसवदा डॉक्टर विचारतो, "काका, घरात कुणाला हार्टचा त्रास?" आपण श्वास न घेता सांगतो, "नाही." पण देवक, कुळ, मूळ गाव आपण झोपेतून उठवलं तरी सांगू. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सापडतात, पणजोबा कुणाला घेऊन आले होते तेही कळतं. ते कितव्या वर्षी, कशानं गेले, याचा रकाना मात्र नाही. कारण आमच्याकडं माणूस हार्ट अटॅकनं जातच नाही. तो 'बसल्या बसल्या' जातो, 'झोपेत' जातो, फारच पुण्यवान असेल तर एकादशीला जातो. बाई तर कशानंच जात नाही. तिला 'दम लागायचा', 'अंगात वारं भरलं होतं'. जन्मभर मिश्री लावली, ती कुणी मोजत नाही.

डॉक्टरला हवा असतो तो नेमका आकडा. वडील किंवा भाऊ यांना पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण यांना पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो घराण्याचा धोका धरतात. पंच्याऐंशीव्या वर्षी बाप हार्टनं गेला तर तो मुख्यतः वयाचा हिशेब, त्यात घराण्याला दोष देऊ नका. आणि नव्वदीतल्या आजोबांना दाखला म्हणून मिरवणाऱ्यांनो, सत्तरीत वय हाच मोठा धोका असतो. तिथं आजोबांची शिफारस चालत नाही. 2004 साली 52 देशांतल्या रुग्णांचा 'इंटरहार्ट' अभ्यास प्रसिद्ध झाला. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, रक्तातली चरबी अशा नऊ गोष्टींतच पहिल्या झटक्याचा सुमारे 90 टक्के धोका निघाला. दक्षिण आशियातल्या माणसाला तो झटका इतरांपेक्षा पाचेक वर्षं आधी येतो, हेही त्यातच दिसलं.

आता रक्ताला दोष देणाऱ्याकडं वळू. रक्तात असतं, हे खरं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये दाखवून दिलं, की हृदयाच्या स्नायूतल्या एका जनुकाचा 25 अक्षरांचा तुकडा आपल्या उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांत गायब असतो. तरुणपणी बहुतेकांना काही जाणवत नाही. उतारवयात हृदय थकायला लागतं. म्हणून काय हात टेकायचे? हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या रोगाबद्दल 2016 साली हजारो माणसांवरच्या अभ्यासातून दिसलं, की जनुकांचा धोका सगळ्यात जास्त असलेल्यांतही, चांगल्या सवयी असलेल्यांचा धोका वाईट सवयी असलेल्यांच्या जवळपास निम्मा होता. बापाकडून जनुकं येतात तशी तंबाखूची पुडीही येते. ती परत करता येते.

आता माझी लबाडी. माझ्या धाकट्या भावाला त्रेपन्नाव्या वर्षी स्टेंट बसली. नातेवाइकांना सांगितलं, 'अॅसिडिटी'. पुतणीचं जमवायचं होतं ना! एकनाड निघाली म्हणून चांगलं स्थळ मोडणारे आम्ही, घरातला खरा दोष मात्र सोयऱ्यांपासून लपवला. आणि पुढं दवाखान्यात फॉर्म भरताना मीही 'नाही'वरच खूण केली. सवय, दुसरं काय.

वडिलांचं तर मी कधी मोजलंच नव्हतं. ते बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचे. एका दुपारी घामाघूम होऊन खाली बसले ते उठलेच नाहीत. मी सोळा वर्षांचा होतो. 'दुष्काळानं खाल्लं,' असं गाव म्हणालं आणि मीही पन्नास वर्षं तेच म्हणत आलो. कागद कुठलाच नाही. गेल्या महिन्यात पैठणला आत्याकडं गेलो. ती शहाऐंशी वर्षांची.

"आत्या, बापू गेले तेव्हा किती वयाचे होते?"

"मला काय ठावं रे बाबा? रझाकार संपले त्याच साली लगीन झालं त्याचं. तवा बाविशीचा असंल."

"आणि त्या दिवशी काही दुखत होतं का?"

"सकाळधरनं डावा हात चोळत होता. आई म्हणली, घण उचलून अवघडला असंल."

रझाकार संपले 1948 ला. दुष्काळ 1972 चा. बावीस अधिक चोवीस.

सेहेचाळीस.