मापात पाप आणि आपला काटा



उसाची गाडी गेटवर आली की आपले सारे लक्ष काट्याच्या आकड्याकडे. पण तो आकडा बरोबर असल्याची खात्री कोणी केली, हे विचारायची आपल्याला सवय नाही. मुंबईच्या बायकांना ती आहे. लालबागच्या मिरची गल्लीत वर्षाच्या मसाल्याची मिरची घेणारी बाई काटा शून्यावर आहे का, हे आधी बघते. दादरच्या मंडईत भाजीवाल्याने दांडी मारली, तर शेजारचे गिऱ्हाईकही त्याला ऐकवते.

त्यांच्या पाठीशी कायदा आहे, तसा तो आपल्याही पाठीशी आहे. पूर्वी मुंबईचा मण 28 पौंडांचा, तर सरकारी मण 82 पौंडांहून थोडा जास्त. गावाकडून माल धाडणाऱ्याने कुठला मण धरायचा? 1956 च्या कायद्याने हा घोळ मिटवला आणि किलो आला. (कापसाच्या बाजारात मात्र 355.62 किलोची खंडी अजून चालते. जुनी खोड!) आज 2009 चा वैधमापनशास्त्र कायदा आहे, 1 एप्रिल 2011 पासून लागू. लोखंडी वजने दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी निरीक्षकाकडून तपासून शिक्का घ्यावा लागतो. शिक्क्यावर वर्षाचे आकडे व तिमाहीचे अक्षर असते, आणि प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावे लागते. निरीक्षकाची वजनेसुद्धा वरच्या प्रमाण वजनांशी ताडून बघतात. अशी प्रमाण वजने फोर्टमधल्या सरकारी टांकसाळीत घडवली जातात.

आता हिशेब करा. शंभरात एकाची चूक म्हणजे दादरच्या किलोभर कांद्यात 10 ग्रॅम. तीच चूक आपल्या 20 टनांच्या खेपेत 200 किलो. टनाला 3,000 रुपये धरले, तर एका खेपेला 600 रुपये गेले!

आपला काटा खोटा आहे, असे माझे म्हणणे नाही. पण शिक्का वर्षातून एकदा, आणि हंगाम चालतो महिनोन्‌महिने. प्लॅटफॉर्मच्या फटीत पाचट अडकते, चिखल साचतो, शून्य सरकते. एका कोपऱ्यावर भार पडला की आकडा वेगळा, मधोमध पडला की वेगळा, असेही होऊ शकते. यात कुणाची लबाडी लागत नाही, नुसता आळस पुरतो. रिकाम्या गाडीच्या वजनाकडे तर कोणी बघतच नाही. निव्वळ वजन निघते ते त्यातूनच.

काटामारीची ओरड राज्यात दर हंगामाला होते. शेतकरी संघटना रस्त्यावर येतात, भरारी पथके नेमली जातात. पथक येईल तेव्हा येईल. आपल्या मालकीच्या कारखान्यात आपण त्याची वाट का बघायची? हंगामात दर आठवड्याला, हजर असतील त्या सभासदांसमोर, प्रमाणित वजने चारही कोपऱ्यांवर व मध्ये ठेवून काटा तपासावा आणि आलेले आकडे गेटवरच्या फळ्यावर लिहावेत. बाहेरच्या काट्यावर वजन करून आलेली गाडी मुकाट्याने घ्यावी. फरक निघाला, तर त्याच दिवशी फेरवजन व्हावे.

काही मंडळी म्हणतील, हा संचालकांवर अविश्वास आहे. झवेरी बाजारात सोने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर जोखतात. त्यात पेढीचा अपमान झाल्याचे मी तरी ऐकले नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी संचालक मंडळास विनंती आहे. ज्यांना पटेल त्यांनी सभेआधी लेखी कळवावे.

— एक ऊस उत्पादक सभासद