पिलांची रक्ती हगवण आणि परळचे ज्ञान

परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला लागूनच असलेले बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळ यांच्यापाशी पशुपक्ष्यांच्या रोगांचे जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या संचित झाले आहे, ते हाकेच्या अंतरावर, लालबागच्या चाळीत खोक्यात कोंबडीची पिले पाळणाऱ्या मुलापर्यंत पोहोचत नाही, ही मला खरोखर खेदाची गोष्ट वाटते. तीन ते सहा आठवड्यांचे पिलू पंख ढिले सोडून, डोळे मिटून कोपऱ्यात आक्रसून बसू लागले आणि त्याच्या विष्ठेत रक्त दिसले, की तो बहुधा रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा, प्रादुर्भाव समजावा. आयमेरिया नावाचा एकपेशीय परोपजीवी आतड्याचे अस्तर विदीर्ण करतो, आणि विष्ठेतून पडणारी त्याची कवचधारी सूक्ष्म बीजे मुंबईच्या दमट उष्म्यात एकदोन दिवसांतच संसर्गक्षम होतात. (पांढरी किंवा हिरवी हगवण निराळ्या रोगांची द्योतक असू शकते, म्हणून विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी इष्टच.) अशा वेळी शेजाऱ्याच्या सल्ल्याने हाती येईल ते प्रतिजैविक पाजू नये. पशुवैद्याच्या अनुमतीने पाण्यातून अँप्रोलियम द्यावे, त्या काळात ब-१ जीवनसत्त्वाची औषधे टाळावीत, कारण ती त्याचा प्रभाव क्षीण करतात. आणि ओले तूस तत्काळ काढून जागा कोरडी करावी, कारण सामान्य जंतुनाशकांना ही बीजे दाद देत नाहीत. पिले विकणाऱ्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकास एवढी माहिती मराठीत छापून द्यावी, अशी तजवीज महानगरपालिकेने येत्या पावसाळ्यापूर्वीच करावी.