बाय उठत नाही

रविवारी मिस्सेला आम्ही पाचजण एका बाकावर बसतो. कम्युनियनच्या वेळी चौघं उठतो. बाय बसून राहते आणि आम्हांला जायला वाट व्हावी म्हणून गुडघे बाजूला घेते. ते गुडघे मी सात वर्षं पाहतो आहे.

बाय माझी धाकटी बहीण. पहिला नवरा दोन वर्षांत टाकून गेला. कोर्टानं घटस्फोट दिला, पुढं रजिस्टर लग्न झालं, माणूस लाखात एक मिळाला. पण चर्चच्या लेखी पहिलं लग्न अजून उभंच!

ते मुळात झालंच नव्हतं, असा निकाल चर्चच्या न्यायासनाकडून आणावा लागतो. पूर्वी तसे दोन निकाल जुळावे लागत. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ती अट काढली. मी लगबगीनं म्हटलं, "आता कर अर्ज." बाय म्हणाली, "दादा, झालंच नव्हतं म्हणून लिहू? मग दोन वर्षं मी रांधून वाढलं कुणाला?"

२०१६ साली पोपसाहेबांच्याच पत्रात एक तळटीप आली : काही प्रसंगी अशांना संस्कारांचा आधार मिळू शकेल. एवढी मोठी गोष्ट तळटिपेत! आमच्या फादरांना विचारलं. भला माणूस, म्हणाले, "बघू या."

आता माझ्या लेकीचा बाप्तिस्मा आहे. गॉडमदर म्हणून बायकोनं बायचंच नाव घेतलं. नियमानं ते बसत नाही. मी फॉर्मवर लिहिलं आहे. फॉर्म अजून खिशातच आहे.