मॅप सुरक्षित, पण व्यवहाराचे काय?

2025 हे वर्ष एकाच वेळी अनेक थ्रेड चालवणाऱ्यांसाठी महत्त्वाचे ठरले. फेब्रुवारीत गो 1.24 आले आणि त्यात सिंक.मॅपची अंतर्गत रचना बदलली. मार्चमध्ये जावा 24 ने व्हर्च्युअल थ्रेडची एक जुनी अडचण दूर केली. सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकमध्ये थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड आपल्याखालचा खरा थ्रेड अडवून ठेवत असे. आता तो मोकळा होतो. ऑक्टोबरमध्ये पायथन 3.14 आले. एका वेळी एकाच थ्रेडला पायथनचा बाइटकोड चालवू देणारे कुलूप म्हणजे जीआयएल. ते काढून टाकलेल्या बिल्डला या आवृत्तीपासून अधिकृत पाठिंबा मिळाला.

या तिन्ही बदलांचा आपल्या रोजच्या कामावरचा परिणाम सारखाच आहे. आपला कोड यापुढे जास्त थ्रेडांवर आणि खऱ्या अर्थाने एकाच वेळी चालणार आहे. टॉमकॅटच्या ठरलेल्या 200 थ्रेडांमुळे जी गर्दी आपोआप आटोक्यात राहत होती, ती व्हर्च्युअल थ्रेड वापरताच हजारोंच्या घरात जाऊ शकते. आणि त्या गर्दीच्या वाटेवर बहुतेक वेळा एक हॅशमॅप असतो. लॉगिन सत्रे, कॅश, मोजणी, रेट लिमिट, चालू ऑर्डरी या सगळ्यांचा पहिला निवारा तोच.

अशा वेळी काय करावे, या प्रश्नाला आपल्याकडे एक पाठ उत्तर आहे: हॅशमॅप काढा, कन्करंटहॅशमॅप लावा. मुलाखतीत या उत्तराला गुण मिळतात आणि कोड रिव्ह्यूमध्ये त्यावर समाधान मानले जाते. हे उत्तर अर्धे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. थ्रेड-सेफ मॅप स्वतःची रचना सांभाळतो. त्यात ठेवलेल्या माहितीने कोणता नियम पाळायचा हे त्याला ठाऊक नसते. तो नियम सांभाळणे हे वापरणाऱ्याचेच काम राहते.

रचना सांभाळणे ही लहान गोष्ट नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. 1996 च्या पहिल्या जावात हॅशटेबल होते. त्याच्या प्रत्येक मेथडला एकच सामाईक कुलूप होते, म्हणजे एक थ्रेड वाचत असताना दुसऱ्याला वाचायलाही थांबावे लागे. 1998 मध्ये जावा 1.2 बरोबर हॅशमॅप आला. तो वेगवान होता, पण एका थ्रेडपुरताच सुरक्षित होता. जावा 8 पूर्वीच्या या हॅशमॅपमध्ये दोन थ्रेडांनी एकाच वेळी रिसाइझ सुरू केले, तर बकेटमधील साखळीचे टोक तिच्याच सुरुवातीला जोडले जाऊ शके. मग त्या बकेटमध्ये न सापडणारी की शोधणारे साधे गेटही कधीच परतत नसे. सीपीयूचा एक कोअर शंभर टक्क्यांवर अडकलेला आणि थ्रेड डंपमध्ये पुन्हा पुन्हा तीच गेटची ओळ, हे दृश्य त्या काळी प्रॉडक्शन सांभाळलेल्या अनेकांच्या ओळखीचे आहे. जावा 8 मध्ये रिसाइझ करताना साखळीचा क्रम कायम राखला जाऊ लागला आणि हे विशिष्ट चक्र थांबले. नोंदी हरवण्याचा धोका मात्र आजही तसाच आहे.

ऑस्विगो येथील स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कचे प्राध्यापक डग ली यांच्या पुढाकाराने 2004 च्या जावा 5 मध्ये कन्करंटहॅशमॅप आला. सुरुवातीच्या रचनेत मॅपचे 16 भाग पाडलेले असत आणि प्रत्येक भागाला वेगळे कुलूप असे. 2014 च्या जावा 8 साठी त्याची रचना नव्याने लिहिली गेली. आता रिकाम्या बिनमध्ये, म्हणजे बकेटमध्ये, पहिली नोंद कुलपाशिवाय, प्रोसेसरच्या कम्पेअर-ॲण्ड-स्वॅप सूचनेने टाकली जाते. भरलेल्या बिनमध्ये लिहायचे असेल तर फक्त त्या बिनला कुलूप लागते. एका बिनमध्ये फार नोंदी साचल्या, तर साखळीचे रेड-ब्लॅक ट्री होते. रिसाइझ सुरू असताना लिहायला आलेले इतर थ्रेड नुसते थांबत नाहीत, नोंदी हलवायला हातभार लावतात. वाचणाऱ्याला कुलूप घ्यावे लागत नाही. इतके बारकाईने घडवलेले साधन आपल्याला आयते मिळाले आहे. म्हणूनच ते नेमके कशाची हमी देते, हे समजून घेणे हे आपले कर्तव्य ठरते.

हमी आहे ती एकेका कॉलची. गेट अखंड आहे, पुट अखंड आहे. पण गेट आणि पुट यांच्या मधली फट कोणीही राखत नाही. एक उदाहरण घेऊ. ग्राहकाने ओटीपी तीनदा चुकवला की खाते अडवायचे. कोड असा: मॅपमधून आजवरचे चुकलेले प्रयत्न वाचा, एक मिळवा, पुन्हा लिहा. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या. दोघींनी एक वाचले, दोघींनी दोन लिहिले. प्रत्यक्षात प्रयत्न तीन झाले, नोंद दोनचीच राहिली आणि खाते उघडेच राहिले. मॅप अगदी शाबूत आहे, एकही एक्सेप्शन आलेले नाही, लॉगमध्ये काहीही दिसत नाही. ही फट माहीत असलेला हल्लेखोर मुद्दाम शंभर विनंत्या एकदम पाठवतो.

एसटीच्या गर्दीत खिडकीतून जागा रिकामी दिसली म्हणून ती आपली होत नाही. रुमाल टाकला की होते. पुटइफॲब्सेंट हा असा रुमाल आहे. जागा रिकामी आहे का हे पाहणे आणि ती धरणे या दोन्ही गोष्टी तो एकाच कृतीत करतो. मोजणीसाठी मर्ज आहे, जुनी किंमत अपेक्षेप्रमाणे असेल तरच बदलण्यासाठी तीन आर्ग्युमेंटचे रिप्लेस आहे, जुन्या किमतीवरून नवी काढण्यासाठी कम्प्युट आहे. ओटीपीच्या उदाहरणात मर्जने एक मिळवायचा आणि मर्जने परत दिलेल्या आकड्यावरच निर्णय घ्यायचा. निर्णयासाठी पुन्हा गेट केले तर तीच फट दुसऱ्या जागी उघडते. शिवाय ही मोजणी ओटीपी तपासण्याआधी व्हायला हवी; नाहीतर मोजणी अचूक असूनही मर्यादेपलीकडचा प्रयत्न आत शिरतो.

कन्करंटहॅशमॅप नल स्वीकारत नाही याची पुष्कळांना अडचण वाटते. त्यामागचे कारण याच फटीत आहे. गेटने नल दिला, तर की मुळात नाही की तिची किंमतच नल आहे? एका थ्रेडच्या मॅपमध्ये कंटेन्सकीला विचारून हे ठरवता येते. अनेक थ्रेडांच्या मॅपमध्ये विचारेपर्यंत परिस्थिती बदललेली असू शकते. म्हणून हा संदिग्ध मार्गच रचनाकारांनी बंद केला.

एकत्रित मेथड वापरू लागल्यावरही काही खड्डे उरतात. कम्प्युटइफॲब्सेंटला दिलेले फंक्शन बिनचे कुलूप धरून चालते. त्या फंक्शनमध्ये डेटाबेसची क्वेरी किंवा बाहेरच्या सेवेला कॉल असेल, तर त्या बिनमध्ये लिहू पाहणाऱ्या इतर कीसुद्धा ताटकळतात. व्हर्च्युअल थ्रेडने खरा थ्रेड मोकळा सोडला तरी बिनचे कुलूप त्याच्याकडेच असते. अशा वेळी मॅपमध्ये उत्तराऐवजी त्याचे फ्युचर ठेवावे, काम कुलपाबाहेर करावे आणि ते फसले तर फ्युचर काढून टाकावे. त्याच फंक्शनमधून त्याच मॅपमध्ये बदल करणे हा आणखी मोठा धोका. जावा 8 मध्ये त्यामुळे कोड अनंत काळ फिरत राहू शके. जावा 9 पासून असा प्रकार लक्षात आला की एक्सेप्शन मिळते.

सारख्या दिसणाऱ्या मेथड प्रत्येक भाषेत सारख्या वागतील असेही धरून चालू नये. डॉटनेटच्या कन्करंटडिक्शनरीतील गेटऑरॲड ही मेथड किंमत बनवणारे फंक्शन कुलपाबाहेर चालवते. त्यामुळे ते एका कीसाठी एकापेक्षा जास्त वेळा चालू शकते, मॅपमध्ये मात्र एकच उत्तर टिकते. त्या फंक्शनमधून कनेक्शन उघडले जात असेल, तर जादा उघडलेले कनेक्शन कोण बंद करणार? तिथे किंमत लेझीमध्ये गुंडाळणे हा रूढ उपाय आहे. जावातून डॉटनेटकडे किंवा उलट जाणाऱ्या सहकाऱ्यांनी हा फरक आवर्जून तपासावा.

सर्वांत जास्त नजरेआड होणारी चूक किमतीची आहे. की म्हणून ग्राहक क्रमांक आणि किंमत म्हणून साधी ॲरेलिस्ट. कम्प्युटइफॲब्सेंटने यादी मिळवली आणि पुढच्याच टिंबानंतर तिच्यात ॲड केले. यादी मिळेपर्यंत मॅपचे संरक्षण होते. ॲड ज्या यादीवर झाले ती मात्र उघड्यावर आहे, आणि दोन थ्रेड तिची वाट लावू शकतात. थ्रेड-सेफ मॅपमध्ये ठेवल्याने किंमत थ्रेड-सेफ होत नाही. म्हणून ती अपरिवर्तनीय ठेवा, किंवा तिच्यातला प्रत्येक बदल कम्प्युटच्या आत करा आणि तिची प्रतच बाहेर द्या, किंवा मुळातच अनेक थ्रेडांसाठी बनवलेली रचना वापरा.

साइझ आणि इटरेटर यांच्याबाबतही अपेक्षा माफक हवी. बदल सुरू असताना कन्करंटहॅशमॅपची साइझ हा अंदाज असतो. इटरेटर मध्येच एक्सेप्शन टाकत नाही, पण फिरता फिरता झालेले बदल तो दाखवेल किंवा दाखवणारही नाही. देखरेखीच्या फलकावर आकडा दाखवायला हे पुरेसे आहे. त्या आकड्यावर आसने वाटणे किंवा मॅपवर फिरून दिवसअखेरचा ताळेबंद काढणे चुकीचे आहे.

दोन कींचा प्रश्न आला की कोणतीही तयार मेथड उपयोगी पडत नाही. एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा, हे दोन कॉल आहेत आणि त्यांच्या मधल्या क्षणी एकूण बेरीज चुकलेली असते. इथे स्पष्ट कुलपे हवीत आणि ती सर्वत्र एकाच ठरावीक क्रमाने घेतलेली हवीत; पैशांची बाब असेल तर ती डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनकडेच सोपवावी. गोच्या सिंक.मॅपच्या अधिकृत दस्तऐवजात, बहुतेक कोडने साधा मॅप आणि वेगळे कुलूपच वापरावे, असा सल्ला आहे. मॅपसोबतचे इतर नियम त्यामुळे सांभाळायला सोपे जातात, हे त्यामागचे एक कारण तिथेच दिलेले आहे. एक साधे कुलूप आणि त्याच्या आत सगळा व्यवहार, ही रचना जुनी वाटली तरी अनेकदा तीच योग्य असते. तिचा वेग कमी पडतो की नाही हे मोजून ठरवावे.

आणखी एक सीमा आपल्या रोजच्या डिप्लॉयमेंटमध्येच आहे. मॅप एका प्रोसेसच्या मेमरीत राहतो. सेवेचे तीन पॉड चालत असतील तर ओटीपीची तीन स्वतंत्र मोजमापे चालतात, आणि पॉड नव्याने सुरू झाला की त्याचे मोजमाप शून्यावर येते. संपूर्ण यंत्रणेचा नियम असेल तर तो सामाईक ठिकाणी हवा: डेटाबेसचे युनिक बंधन, रेडिसचे अखंड इन्क्रिमेंट किंवा तत्सम साधन.

पायथनवर काम करणाऱ्यांनी सध्या विशेष सावध राहावे. डिक्शनरीतील किंमत एकाने वाढवणे हे जीआयएल असतानाही अखंड नव्हते. थ्रेड आळीपाळीने चालत असल्यामुळे चूक क्वचित दिसे, इतकेच. जीआयएल नसलेल्या बिल्डमध्येही डिक्शनरी अंतर्गत कुलपाने स्वतःची रचना शाबूत ठेवते, पण वाचून वाढवण्याच्या मधली फट तिला बुजवता येत नाही. वर्षानुवर्षे ‘चालतो’ म्हणून सोडलेला कोड आता तपासायलाच हवा.

तपासण्याची साधने हाताशी आहेत. गोमध्ये रेस डिटेक्टर 2013 च्या 1.1 आवृत्तीपासून आहे. टेस्ट चालवताना एक फ्लॅग द्यावा लागतो. सी आणि सी प्लस प्लससाठी थ्रेडसॅनिटायझर आहे, जावासाठी जेसीस्ट्रेस आहे. यांतील पहिली दोन साधने मेमरीवरील असुरक्षित प्रवेश पकडतात. गेट आणि पुट यांच्यातील व्यवहाराची फट रेस डिटेक्टरला दिसत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही कॉल सुरक्षित असतात. त्यासाठी टेस्ट आपणच लिहायची: अनेक थ्रेड एका क्षणी सोडायचे, तीच की वापरायची आणि शेवटी नियम टिकला का हे पाहायचे.

आमची वाचकांना विनंती आहे की पुढच्या कोड रिव्ह्यूपासून सामाईक मॅप दिसला की चार प्रश्न विचारावेत. इथे कोणता नियम टिकायला हवा? तो एका कॉलमध्ये टिकतो की दोन कॉलांच्या मध्ये फट आहे? किंमत स्वतः सुरक्षित आहे का? आणि दुसरा पॉड सुरू झाला तर हाच नियम टिकेल का? या चारही प्रश्नांची उत्तरे कोडमध्ये दाखवता आली तरच बदल मंजूर करा. केवळ मॅपचा टाइप बदललेला असेल, तर तो बदल परत पाठवा.