बटणे बडवणे म्हणजे खेळणे नव्हे

‘टेकन’ या मारामारीच्या व्हिडिओ गेमला मोठी माणसे “नुसती बटणं बडवायची” असे म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही.

त्यात काझुया नावाचा गडी आहे. त्याचा एक ठोसा समोरच्याला हवेत उडवतो. हवेतल्या गड्याला मार अडवता येत नाही, म्हणून तो खाली पडायच्या आत पुढचे फटके जोडायचे. पण ठोसा कसा निघतो? पुढे दाबून सोडायचे, मग खाली, मग खाली-पुढे, आणि त्याच क्षणी ठोशाचे बटण! सेकंदाच्या साठाव्या भागात दोन्ही एकदम पडले तरच वीज चमकते. गडी दुसऱ्या बाजूला गेला की दिशा उलट्या. बडवून जमेल का हे? (माझा धाकटा भाऊ बडवूनही कधी कधी जिंकतो, ते सोडा.) मी सरावात आधी नुसता ठोसाच घटवतो, हवेतले फटके नंतर.

लाहोरच्या अर्सलान अ‍ॅश याने २०१९ साली ‘टेकन ७’ मध्ये एव्हो स्पर्धा जपानमध्येही जिंकली नि अमेरिकेतही. तोही बडवतच होता म्हणायचा का?

तेव्हा पालकहो, तोच ठोसा वीसदा मारताना दिसलो तर मध्येच बंद करू नका. अर्धा तास कबूल केलाय ना, मग पुरा द्या.