लघुग्रहाचा सातबारा

आमच्या भाचेबुवांनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लिहिलेला लेख परत आला. लेख परत येणं ही काही बातमी नव्हे. या प्रांतातला माझा स्वतःचा अनुभव दांडगा आहे. पण त्या लेखाच्या डोक्यावर तांबड्या शाईत जो शेरा होता, त्यानं माझं डोकं फिरलं. शेरा असा : 'विषय गंभीर. आधार उथळ. थ्रिलर कादंबऱ्या हे संदर्भसाहित्य नव्हे.' आणि लेखाचा विषय काय, तर 'थ्रिलर कादंबऱ्या आणि अंतराळातलं खाणकाम'! आता थ्रिलरवर लिहिताना थ्रिलरचा आधार घ्यायचा नाही, तर काय ज्ञानेश्वरीचा घ्यायचा?

शेरा मारणारे सर सज्जन गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही, कारण त्यांचं पगाराचं खातं माझ्याच काउंटरवर आहे, आणि उद्या त्यांचं पासबुक भरायला उशीर झाला तर त्याचा संबंध या लेखाशी जोडला जाईल. माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. ते आहे एका पंथाशी. ज्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचावं लागतं, त्यात ज्ञान असूच शकत नाही, असं मानणाऱ्यांचा हा पंथ. त्याच्या शाखा आमच्या बँकेपेक्षा जास्त आहेत.

वास्तविक या पंथाला कोल्हापूर जिल्ह्यात तरी जागा मिळायला नको होती. जयंत नारळीकर जन्मले कोल्हापुरात. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ, पण १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही गोष्ट पाठवताना त्यांनी नाव लपवलं. आपली आद्याक्षरं उलटी फिरवून ते 'नारायण विनायक जगताप' झाले, आणि जगतापांना बक्षीस मिळालं. ज्यांना आकाशातलं सगळं कळत होतं त्यांना गोष्ट सांगावीशी वाटली, आणि ज्यांना आकाशातला चंद्र कॅलेंडरात संकष्टीला तेवढा दिसतो ते म्हणतात, आधार उथळ!

माझी स्वतःची जडणघडण रहस्यकथांवर झाली. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि धनंजय, गुरुनाथ नाईकांची पुस्तकं, सगळं मी निपाणी-मुरगूड एसटीत उभ्यानं वाचलं. ही पुस्तकं पन्नास हातांतून फिरून माझ्याकडे यायची. त्यामुळे शेवटचं पान हमखास गायब. हा सगळा तंबाखूचा मुलूख. ते पान कुणाच्या तरी पुडीला लागलेलं असायचं. खून कुणी केला हे सत्तर पानांवर कळायचं, पण चोरलेली पेटी शेवटी कुणाच्या घरी गेली, हे मला आजतागायत बऱ्याच बाबतींत कळलेलं नाही. मी बँकेत लागलो त्यामागे हीच अतृप्त जिज्ञासा असावी. माल कुणाचा, नेला कुणी आणि जमा कुणाच्या खात्यात झाला, हे तीन प्रश्न रहस्यकथेत डिटेक्टिव्ह विचारतो आणि आमच्याकडे ऑडिटर विचारतो. फरक इतकाच, की डिटेक्टिव्हला उत्तर मिळतं.

भाचेबुवांच्या लेखातही हेच तीन प्रश्न होते. पोरगं बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्याकडेच राहतं, आणि रात्री पांघरुणात मोबाईल घालून इंग्रजी थ्रिलर वाचतं. लेखात त्यानं तीन पुस्तकं घेतली होती. पहिलं ज्यूल व्हर्नचं. सोन्याची उल्का पृथ्वीभोवती फिरू लागते आणि तिच्यापायी सगळ्या जगाची झोप उडते, अशी ती कादंबरी; व्हर्न गेल्यावर त्याच्या मुलानं हात फिरवून ती १९०८ साली छापली. उल्का अजून आकाशातच आहे, तोवर इकडे बाजारात सोन्याचा भाव कोसळतो. शेवटी ती समुद्रात पडते.

हे वाचून मला दरदरून घाम फुटला, कारण सोनेतारण कर्जाचं टेबल सध्या माझ्याकडे आहे. लोखंडी कपाटात मुरगूड पंचक्रोशीतली पाटल्या-बांगड्या-मोहनमाळांची पाकिटं सील करून ठेवलेली. उद्या खरोखरच डोंगराएवढं सोनं वरून खाली आणलं, तर त्या पाकिटांत उरेल काय? कर्जदार म्हणेल, "ठेवा साहेब तुमच्याकडंच, पितळ म्हणून." व्हर्ननं शंभरावर वर्षांपूर्वी गोष्टीत सांगितलेली ही साधी बाब, लघुग्रहांच्या किमती छापणाऱ्या आजच्या लोकांना ठाऊक नसते.

त्या किमती तरी काय? 'सायकी' नावाचा एक धातूयुक्त लघुग्रह आहे. त्याच्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेचं यान निघालं, ते २०२९ साली पोचायचं आहे. त्या मोहिमेच्या प्रमुख लिंडी एल्किन्स-टँटन यांनी एकदा तिथल्या लोखंडाची पृथ्वीवरच्या भावानं किंमत काढली : एकावर एकोणीस शून्यं, इतके डॉलर. बाईंनी तो गमतीचा हिशेब म्हणून केला होता, यान काही खाण खणायला गेलेलं नाही. पण जगानं गंमत सोडली आणि आकडा उचलला. आपल्या जुन्या गणितातली नेहमीची मोजणी परार्धाशी थांबते. हा आकडा शंभर परार्धांचा. आमच्या काउंटरच्या स्लिपवर तेवढ्या चौकटीच नाहीत.

आता जमेची बाजू पाहा. बेन्नू या लघुग्रहावरून माती आणायला अमेरिकेचं यान २०१६ साली गेलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये युटाच्या वाळवंटात त्याची कुपी उतरली. खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर. माल निघाला १२१.६ ग्रॅम, म्हणजे जुन्या तोळ्यानं सुमारे साडेदहा तोळे. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये जपान्यांनी र्‍युगू लघुग्रहावरून आणलेला माल ५.४ ग्रॅम, अर्धा तोळासुद्धा पुरा नाही. एक नथ झाली असती. हे सगळं विज्ञानासाठी होतं आणि त्याबद्दल माझी यत्किंचितही तक्रार नाही. तीन-चार चिमटी मातीतून सूर्यमालेचं बालपण वाचणाऱ्यांना माझा नमस्कार. तक्रार आहे ती त्यांच्या मागून पावतीपुस्तक घेऊन निघालेल्यांची. 'प्लॅनेटरी रिसोर्सेस' या कंपनीनं २०१२ साली लघुग्रहांवरच्या खाणींची घोषणा केली. सल्लागारांत जेम्स कॅमेरॉन, म्हणजे परक्या चंद्रावर खाण खणून तिथल्या लोकांचं वाटोळं करणाऱ्यांवर 'अवतार' हा सिनेमा काढणारे तेच! २०१८ साली ती कंपनी एका ब्लॉकचेनवाल्या कंपनीनं विकत घेतली. एक दगड फुटला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'ॲस्ट्रोफोर्ज'चं यान एक लघुग्रह पाहायला निघालं, त्याचाही संपर्क थोड्याच वेळात तुटला. मग मला सांगा, थ्रिलर कुठला आणि संदर्भसाहित्य कुठलं?

भाच्याचं तिसरं पुस्तक डॅनियल स्वारेझचं 'डेल्टा-व्ही', २०१९ सालचं. एक अब्जाधीश गुपचूप माणसं गोळा करून त्याच र्‍युगूवर खाण काढतो. ठीक आहे. पण मी अडकलो ते दुसऱ्या पुस्तकात, अँडी वेअरच्या 'आर्टेमिस'मध्ये. चंद्रावर गाव वसलंय, नायिका चोरटा माल आणणारी हमाल, आणि सगळा खेळ कशावरून? ॲल्युमिनियमवरून! चंद्रावरच्या दगडातून एक कंपनी ॲल्युमिनियम काढते, त्यात प्राणवायू सुटतो, तो ती गावाला देते, आणि त्या बदल्यात तिला वीज फुकट. प्राणवायू दुसऱ्या कुणी दिला तर करार गेला. एवढ्या एका अटीवर सगळी मारामारी. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. करारनाम्यातली अट वाचून अंगावर काटा यावा, असं माझ्या आयुष्यात प्रथमच घडलं.

ॲल्युमिनियम म्हटलं की आमच्याकडे कुणी चंद्राकडे पाहत नाही, राधानगरीकडे पाहतो. लाखो वर्षं सह्याद्रीवर पाऊस कोसळला, काळ्या खडकाचा बाकी सगळा अंश धुऊन गेला आणि माथ्यावर बॉक्साइट उरलं. (चंद्रावर पाऊस नाही, म्हणून तिथे बॉक्साइट नाही आणि दगड फोडायला एवढी वीज लागते. ही माहिती भाच्यानं दिली. लेखातही होती. तिच्यावरही तांबडी रेघ होती.) दुर्गमानवाडच्या डोंगरावरचं हे बॉक्साइट ट्रकांत भरून बेळगावच्या कारखान्याकडे गेलं. भाच्याचं मूळ गाव राधानगरी तालुक्यातलं. लहानपणी ओसरीवर बसून तो ट्रक मोजायचा. शंभरपर्यंतचे आकडे तो त्यावरच शिकला. त्याची आज्जी पाण्याच्या घागरींवर दोन-दोन फडकी बांधायची, तरी सांजच्याला तळाशी तांबडा गाळ बसायचाच.

त्या रात्री मी त्याला विचारलं, "तू हे घागरीचं लेखात का लिहिलं नाहीस?"

"लिवलंय की मामा. शेवटच्या पानावर हाय."

मी पान उलटलं. खरंच होतं. त्यानं लिहिलं होतं, की 'आर्टेमिस'मध्ये ॲल्युमिनियम काढणाऱ्या कंपनीकडून गावाला निदान हवा तरी मिळते. आमच्या घराला धूळ मिळाली. तेव्हा चंद्रावर खाण काढायच्या आधी हे ठरवा, की तिथली घागर कुणाची. या वाक्याखाली सरांनी लिहिलं होतं : 'विषयांतर.'

विषयांतर? अहो, सगळा विषय तोच आहे! माझ्या काउंटरवर कुणी जमीन तारण ठेवायला आला तर मी आधी सातबारा मागतो. मग चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा. स्वतःभोवती गरागरा फिरणाऱ्या धोंड्याची पूर्व कुठली धरायची? आणि तलाठी कोण? १९६७ सालचा अंतराळ करार म्हणतो, तिथे कुठल्याही देशाची मालकी नाही. १९७९ सालचा चंद्र करार म्हणतो, तिथलं जे काही आहे तो साऱ्या मानवजातीचा वारसा. त्यावर आपण १९८२ साली सही केली, आणि पुढे कायम काहीच केलं नाही. जामीनदार सही करून जातो आणि हप्त्याच्या वेळी फोन उचलत नाही, तसं. अमेरिकेनं २०१५ साली स्वतःचा कायदा केला : धोंडा कुणाचाही नसो, खणलेला माल खणणाऱ्याचा. २०१७ साली लक्झेंबर्गनं तसाच केला. जून २०२३ मध्ये आपणही आर्टेमिस करारावर सही केली, आणि त्यात लिहिलंय, की माल काढला म्हणजे मालकी सांगितली असं होत नाही. इकडे घराच्या पायात भरायला चार ब्रास मुरूम उचलायचा, तर तहसीलदाराची परवानगी आणि स्वामित्वधनाची पावती लागते. वर अख्खा लघुग्रह उचला, कुणी पावती मागायचं नाही!

यावर पंथातले लोक म्हणतील, होईल हो वेळ आल्यावर नीट व्यवस्था. वेळ आल्यावर काय होतं ते शेजारी गोव्यात पाहा. तिथे नकाशा होता, कायदा होता, कचेऱ्या होत्या, खाण रस्त्यावरून दिसत होती. तरी शाह आयोगानं बेकायदा खाणकामातलं नुकसान जवळपास ३५ हजार कोटी रुपयांचं काढलं, २०१२ साली खाणी थांबल्या, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्टे रद्द केले. उघड्या डोळ्यांसमोरच्या डोंगराचा हिशेब लागायला एवढा उशीर, तर कोट्यवधी किलोमीटरवरच्या धोंड्याचं ऑडिट कोण करणार? टी.ए.-डी.ए. तरी कुठल्या दरानं लावणार?

आजवर एकच लघुग्रह आपल्या पायांनी महाराष्ट्रात आला. तो बुलढाणा जिल्ह्यात लोणारला उतरला, सुमारे १.८ किलोमीटरचा खड्डा करून बसला आणि स्वतः नाहीसा झाला. ही वागणूक बँकेच्या माणसाला नवी नाही.

असो. माझं म्हणणं एवढंच, की थ्रिलर लिहिणारा खोटं सांगतो, पण मालाचं शेवटी काय झालं हे सांगितल्याशिवाय त्याला सुटका नसते; वाचक पैसे परत मागेल. अंतराळातल्या खाणींच्या देखण्या रंगीत पत्रकांत मात्र शेवटचं पान फाडूनच आपल्या हाती देतात, आणि ते कुठल्या पुडीला लागलं हे विचारणाऱ्या पोराला आपण म्हणतो, आधार उथळ.

भाचेबुवा चार दिवस जेवताना बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "लेख नको असेल तर गोष्ट कर. त्यात खून घाल." त्यानं घातला. चंद्रावरच्या तलाठी कार्यालयात तलाठी मेलेला सापडतो आणि एका लघुग्रहाचा सातबारा गायब असतो, अशी सुरुवात. शेवटचं पान त्यानं आधी लिहिलं. त्यात घागर आहे. मला आवडली. सौ.नं तर पिठाच्या हातानं वाचली.

ही गोष्ट स्पर्धेला पाठवायची म्हणून मीच सुचवलं, की नारळीकरांसारखी आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घे. त्यानं कागदावर उलटापालट केली, तर निघालेली अक्षरं बरोब्बर आमच्या ब्रँच मॅनेजरांची. पाकिटाला तिकिटं लावून झालीत, पण ते अजून माझ्या ड्रॉवरमध्येच आहे. माझी बदलीची विनंती सध्या साहेबांच्या टेबलावर आहे.